५६ वर्षांचे ‘वृद्ध’ आणि २ मिलिअँपिअर वीज

या प्रकरणातल्या ‘वृद्धां’ना आपल्याकडे एसटीचं ज्येष्ठांचं अर्धं तिकीटही मिळालं नसतं. एका गटाचं सरासरी वय ५६.३ वर्षं, दुसऱ्याचं ५९.६. महाराष्ट्र सरकारचा कर्मचारी सहसा ५८ ला निवृत्त होतो, म्हणजे पहिल्या गटातली बरीचशी मंडळी अजून फायलींवर सह्या करत बसली असती. पण २०१४ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रॉबर्ट हार्डविक आणि पाब्लो सेल्निक यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखात ही माणसं ‘वयस्क’ म्हणून आली, आणि त्यांची तुलना झाली सरासरी २०.७ वर्षांच्या पोरांशी.

लेखाचा दावा असा: डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूवर, मंद वीज सोडली की पन्नाशी-साठीतला निरोगी माणूस हाताची बदललेली हालचाल विशीतल्या पोराच्या वेगाने आत्मसात करतो.

माझा धंदा फिजिओथेरपीचा. तोल जाणारे, हात थरथरणारे, नव्या वॉकरशी भांडणारे लोक रोज समोर असतात. असा दावा वाचून मला आनंदच झाला होता. पुढे त्याचं काय झालं, याचा माग मी काढला तो मात्र बराच उशिरा. वर्षभरात तीन जणांनी मोबाइलवर अशी मंद वीज सोडणाऱ्या, डोक्याला बांधायच्या पट्ट्याची जाहिरात दाखवून ‘घेऊ का?’ म्हणून विचारलं तेव्हा. तिघांपैकी एक आमच्याच इमारतीतले काका, वय ७१. त्यांच्याकडे पुढे येतो.

टेबलावर काय चाललं होतं

प्रयोग दिसायला पोरखेळ. समोर पडदा, मधोमध एक टिंब, त्याच्याभोवती गोलाकार मांडलेली लक्ष्यं. एका वेळी एकच लक्ष्य उजळतं आणि मधल्या टिंबापासून तिथपर्यंत हात झपकन न्यायचा. हात झाकलेला असतो. दिसतो तो फक्त पडद्यावरचा कर्सर. थोडा वेळ सगळं सरळ चालतं. मग काही न सांगता संगणक कर्सरची दिशा वळवतो. अशा प्रयोगांत ३० अंशांचं वळण पुष्कळदा वापरतात. घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर हात बाराकडे नेला की कर्सर एककडे जातो. सुरुवातीच्या खेपा हमखास चुकतात, मग चूक घटत जाते, आणि शेवटी हात आपोआप अकराकडे निघतो म्हणजे कर्सर बारावर पोचतो. वळण काढून टाकलं की गंमत होते: हात काही काळ उलट्या बाजूला चुकत राहतो. म्हणजे आत काहीतरी खरोखर बदललेलं असतं.

सायकल किंवा पेटी शिकण्यासारखं हे नवं कौशल्य नव्हे. येत असलेल्या हालचालीची ही फेरजुळणी आहे, आणि म्हातारपणी तिचीच गरज जास्त पडते. काकांनी दिवाळीत प्रोग्रेसिव्ह चष्मा घेतला. त्यांच्या मुलानेही त्याच आठवड्यात तसलाच घेतला. मुलगा चार दिवसांत सरावला. काका मात्र पंधरा दिवस उलटले तरी जिन्यात एक हात कठड्यावर आणि एक हात भिंतीवर ठेवून उतरत होते, कारण दिसणारी पायरी आणि पाय टेकतो ती पायरी यांचा मेळ बसत नव्हता. बाल्टिमोरच्या टेबलावर जे मोजलं जात होतं ते याच जातीचं.

नकली वीज (म्हणजे वीज दिल्याचा नुसता देखावा) मिळालेले ‘वयस्क’ तरुणांपेक्षा सावकाश जुळवून घेत होते. इथपर्यंत नवल नाही. हे आधीही दिसलं होतं. खरी वीज मिळालेल्या गटाचा वेग मात्र तरुणांच्या बरोबरीचा निघाला. शिवाय हा गट नकली गटापेक्षा तीनेक वर्षांनी मोठाच होता, म्हणजे वयाचा फायदा त्यांना मिळाला असं म्हणायचीही सोय नव्हती. म्हणूनच हा निकाल इतका लोभस वाटला.

वीज कुठे, किती, कशासाठी

या पद्धतीला टीडीसीएस (ट्रान्सक्रेनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन) म्हणतात. कवटी न उघडता, त्वचेवर ठेवलेल्या दोन इलेक्ट्रोडांमधून एकाच दिशेने वाहणारा क्षीण प्रवाह सोडायचा. इलेक्ट्रोड मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजात असतात. २००० साली जर्मनीतल्या गॉटिंगेनमध्ये मायकेल नित्शे आणि वाल्टर पाउलुस यांनी दाखवलं की मोठ्या मेंदूतल्या हालचालींच्या पट्ट्यावर धनाग्र ठेवलं तर तो भाग काही वेळ जास्त उत्तेजनक्षम होतो आणि ऋणाग्र ठेवलं तर कमी. तिथून या क्षेत्राचं पेव फुटलं.

लहान मेंदूची पाळी थोडी नंतर आली. २००९ साली जोसेफ गालेआ, सेल्निक आणि सहकाऱ्यांनी लहान मेंदूचा मोठ्या मेंदूवर जो लगाम असतो, तो या विजेने घट्ट किंवा सैल करता येतो असं मोजून दाखवलं. मग २०११ मध्ये याच मंडळींचा गाजलेला प्रयोग आला. साधारण ५ बाय ५ सेंटिमीटरचं एक इलेक्ट्रोड डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापासून ३ सेंटिमीटर बाजूला, दुसरं गालावर. २ मिलिअँपिअर, १५ मिनिटं. लहान मेंदूवर वीज दिलेले तरुण पटकन जुळवून घेत होते. मोठ्या मेंदूच्या पट्ट्यावर वीज दिलेले पटकन शिकत नव्हते, पण शिकलेलं जास्त टिकवत होते. शिकतो लहान मेंदू, जपतो मोठा. इतकी सुबक वाटणी निसर्गात सहसा सापडत नाही, आणि तेव्हाच कुणाच्या तरी मनात पाल चुकचुकायला हवी होती. २०१४ चा लेख हे याच कल्पनेचं पुढचं पाऊल: तरुणांचा वेग वाढतो, तर मंदावलेल्यांचा भरून निघेल.

२ मिलिअँपिअर म्हणजे मोबाइलच्या चार्जरमधून जाणाऱ्या विजेचा साधारण हजारावा भाग. तीही सगळी आत पोचत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात ग्योर्गी बुझाकी आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांवर मोजमाप करून दाखवलं की सुमारे ७५ टक्के प्रवाह त्वचा, स्नायू आणि कवटी यांच्यातूनच परस्पर वळून जातो. २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी मेंदूत आधीच इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांवर प्रत्यक्ष मोजणी झाली. २ मिलिअँपिअरला मेंदूतलं विद्युतक्षेत्र जास्तीत जास्त ०.८ व्होल्ट प्रति मीटरच्या आसपास भरलं. एवढ्याने पेशी पेटत नाही. ती पेटायच्या बेतात असेल तर तिला हलकासा धक्का देता येतो, इतकंच.

लहान मेंदूच्या बाबतीत आणखी एक गोची आहे. त्याच्या पृष्ठभागावर चुण्या इतक्या दाट असतात की एकाच दिशेने येणारा प्रवाह एका चुणीतल्या पेशींना चेतवणार आणि शेजारच्या चुणीतल्या पेशींना दाबणार. ‘लहान मेंदू चेतवला’ हे वाक्य म्हणजे सगळ्या चुण्यांची गोळाबेरीज आहे. आणि वय वाढलं की मेंदू थोडा आक्रसतो, त्याच्याभोवतीचं पाणी वाढतं. ते पाणी वीज छान वाहून नेतं, म्हणजे तिला बगल द्यायला आणखी एक वाट मिळते. पंचविशीतल्या डोक्यावर ठरवलेला डोस पंचाहत्तरीतल्या डोक्यावर तसाच लागू पडेल, याची खात्री म्हणून नाही.

नकली वीज कशी देतात तेही सांगतो, कारण लोक नेहमी विचारतात. सुरुवातीला काही सेकंद खरा प्रवाह सोडतात, त्वचेला मुंग्या येतात, मग तो गुपचूप उतरवतात. मुंग्या तशाही थोड्या वेळात विरतात, त्यामुळे बहुतेकांना कळत नाही. बहुतेकांना.

त्याच माणसाने पुन्हा करून पाहिलं

या प्रकरणातला मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग हा. २०११ च्या प्रयोगाचे पहिले लेखक गालेआ पुढे इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी रोया जलाली आणि ख्रिस मायल यांच्यासोबत आपलाच जुना निकाल तपासायला घेतला. एकदा नव्हे, सात प्रयोग. पडदा उभा की आडवा, वळण एकदम की हळूहळू, वीज सरावाच्या आधी की सरावाच्या वेळी, अशा एकेक गोष्टी बदलत गेले. एका प्रयोगात परिणाम दिसला, तोही चांगला ठसठशीत. मग तोच प्रयोग नव्या माणसांवर जसाच्या तसा केला, आणि परिणाम गायब. २०१७ मध्ये लेख आला, त्याच्या शीर्षकातच कबुली होती: सातत्यपूर्ण परिणाम नाही.

ज्या निकालावर आपलं नाव झालं, तोच खोडून काढणारा लेख स्वतःच्या नावाने छापायचा याला जिगर लागते. मी स्वतः असं काही कधी केलेलं नाही, हेही कबूल करतो.

२०१९ मध्ये जर्मनीतल्या एसेनच्या गटालाही निरोगी तरुणांमध्ये लहान मेंदूवरच्या विजेचा फरक दिसला नाही. त्याच शहरातल्या आधीच्या एका अभ्यासात लहान मेंदू झिजलेल्या रुग्णांनाही उपयोग झाला नव्हता.

मग पहिला निकाल खोटा होता का? लबाडीच्या अर्थाने अजिबात नाही. छोट्या गटांचं गणित असं असतं की त्यात योगायोगाने मोठा फरक दिसू शकतो, आणि मोठा फरक दिसतो तोच छापला जातो. आंब्याच्या पेटीचा वरचा थर बघून आतल्या मालाचा भाव ठरवायचा, तसं. न दिसलेल्या फरकांचे लेख कुठल्या तरी कपाटात तळाला पडून असतात.

पण घाई इथेही नको. बर्मिंगहॅम आणि एसेनमधले निरोगी लोक तरुण होते. तरुणांमध्ये फरक पडला नाही म्हणून वयस्कांमध्येही पडणार नाही, हे आपोआप सिद्ध होत नाही. उलट उदाहरण हाताशी आहे. हॅम्बुर्गमध्ये फ्रीडहेल्म हुमेल यांच्या गटाने २०१० मध्ये मोठ्या मेंदूच्या पट्ट्यावर वीज देऊन वृद्धांची हाताची रोजची कामं थोडी वेगाने होतात असं दाखवलं. ती कामं म्हणजे पत्ते उलटणं, बारीक वस्तू उचलणं, चमच्याने घास उचलल्यासारखं करणं. सहभागी फक्त दहा, पण त्यांच्यात जास्त वयाच्यांना फायदा जास्त झाला. २०१३ मध्ये त्याच गटात बोटांचा क्रम शिकवण्याच्या प्रयोगात वृद्धांना फायदा झाला आणि दुसऱ्या दिवशीही टिकला. तरुणांना फारसा नाही. ज्याचं भांडं आधीच भरलंय त्यात किती ओतणार? तेव्हा वृद्धांचा प्रश्न वृद्धांवरच तपासावा लागतो. फक्त मग छप्पन्न वर्षांच्या माणसाला वृद्ध म्हणायचं का, हेही एकदा ठरवायला हवं.

बिघाड शोधला एकीकडे, होता दुसरीकडे

आकडेवारीचा वाद बाजूला ठेवला तरी या प्रकरणाला एक खोल भेग आहे, आणि माझ्या मते तीच मुख्य.

कर्सर वळला की माणसाच्या आत दोन गोष्टी एकाच वेळी चालतात. एक, डोकं चालवणं: ‘अरे, हे उजवीकडे सरकतंय, आपण जरा डावीकडे नेम धरू.’ ही युक्ती. दुसरी, न कळत होणारी जुळणी, जी लहान मेंदूची म्हणून ओळखली जाते. ही दुसरी कुणाचं ऐकत नाही. २००६ मध्ये पिएत्रो माझोनी आणि जॉन क्राकावर यांनी हे फार सुंदर दाखवलं. त्यांनी सहभागींना सरळ उत्तरच सांगून टाकलं: वळण ४५ अंशांचं आहे, शेजारच्या लक्ष्यावर नेम धरा, काम होईल. पहिल्या खेपेपासून कर्सर अचूक जाऊ लागला. आणि मग हळूहळू चुकायला लागला! युक्ती बरोबर होती, तरी आतली यंत्रणा ‘हात गेला एकीकडे, कर्सर दुसरीकडे’ एवढंच बघून आपली दुरुस्ती करत राहिली आणि झालेलं काम बिघडवून बसली.

आता वयाचं काय? दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजता येतात. नेम धरण्याआधी ‘कुठे मारणार?’ असं विचारायचं, किंवा मधेच सांगायचं की आता युक्ती बाजूला ठेवा, थेट लक्ष्याकडेच हात न्या, आणि तरीही हात किती कलतो ते पाहायचं. डॉर्टमुंडमध्ये हर्बर्ट हॉयर आणि मथियास हेगेले यांच्या कामातून ही फोड दिसू लागली होती: उतारवयात उणी पडते ती जाणीवपूर्वक केलेली युक्ती. मिशिगन विद्यापीठातल्या एका गटाने २०११ मध्ये दाखवलं की शिकण्याच्या पहिल्या टप्प्यात दिशा-जागा डोक्यात धरून ठेवणारी स्मृती तरुण जशी कामाला लावतात, तशी वयस्क लावत नाहीत. आणि २०१९ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठातून कुनराड व्हांडेव्होर्डे आणि जाँ-जाक ऑर्बन द झिव्री यांनी स्पष्ट लिहिलं: एकूण जुळवून घेणं वयाबरोबर घटतं, पण न कळत होणारी जुळणी घटत नाही. ऑर्बन द झिव्री हे नाव ओळखीचं वाटायला हवं, कारण २०११ च्या त्या गाजलेल्या लेखाचे तेही एक सहलेखक. एकाच लेखातल्या दोघांनी त्याला दोन बाजूंनी हात घातला.

म्हणजे २०१४ ची मांडणी अशी झाली: वयस्क मागे पडतात युक्तीत, आणि वीज सोडली जुळणीवर. नळाला पाणी येत नाही म्हणून टाकीला मोठी मोटर बसवली, आणि वॉशर मात्र तोटीतलाच गेलेला.

बचाव करता येतो. एक अंग उणं असेल तर दुसरं धडधाकट अंग आणखी जोराने चालवून एकूण बेरीज तेवढीच भरता येईल. अशक्य नाही. पण तसं झालं असेल तर वळण काढल्यावरचा उलटा कल तरुणांपेक्षा मोठा दिसायला हवा, आणि त्यासाठी युक्ती आणि जुळणी सुरुवातीपासून वेगळ्या मोजायला हव्यात. फक्त ‘चूक किती लवकर कमी झाली’ एवढ्या एका रेघेवरून दोन्हींचा हिशेब लागत नाही. माझा अंदाज विचाराल तर २०१४ च्या निकालात योगायोगाचा वाटा मोठा होता. पण हा अंदाज आहे, आणि तो सोडवायचा तर साठीच्या नव्हे, सत्तरीच्या पुढच्या भरपूर माणसांवर हीच फोड करून प्रयोग करायला हवा.

हुमेल यांचा गट आता स्वित्झर्लंडमध्ये आहे आणि वेगळ्या वाटेने गेला आहे. जवळजवळ सारख्या कंप्रतेचे दोन प्रवाह असे सोडायचे की त्यांची गाठ मेंदूच्या खोल भागात पडावी. २०२३ मध्ये त्यांनी या पद्धतीने, कवटी न उघडता, मेंदूच्या गाभ्यातल्या एका भागावर काम करून बोटांच्या हालचाली शिकण्यात फरक दाखवला, आणि तो वयस्कांत जास्त होता. पुन्हा करून बघायला कोण पुढे येतं याची मी वाट बघतोय.

पट्ट्याचं काय?

जाहिरातीतल्या पट्ट्याबद्दल तिघांनाही मी एकच सांगितलं. धोका मोठा नाही: २०१६ च्या एका आढाव्यात ३३,२०० हून जास्त बैठकींचा हिशेब होता आणि नेहमीच्या मर्यादेत गंभीर इजा आढळली नव्हती. त्या बैठकी मात्र प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली झालेल्या. घरी स्पंज सुकला तर त्वचा भाजू शकते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत हीच पद्धत स्किझोफ्रेनियातल्या आवाजांच्या भासांसाठी वापरून बघितली जाते. पण तो आजार, तो प्रश्न आणि ती देखरेख, सगळंच वेगळं. निरोगी माणसाने जिना नीट उतरता यावा म्हणून हे विकत घ्यावं, असं सांगायला माझ्याकडे आधार नाही.

काका थोडे हिरमुसले. चष्म्याला तिसरा आठवडा लागला होता. शेवटी मी त्यांना चष्म्याच्या दुकानात परत घेऊन गेलो. तिथल्या पोराने पाच मिनिटांत सांगितलं, “काका, डोळे फिरवू नका, नाक फिरवा. ज्याकडे बघायचं तिकडे नाक. आणि जिना उतरताना हनुवटी छातीकडे, म्हणजे पायरी वरच्या काचेतून दिसेल.” हे आधी का सांगितलं नाही, विचारलं. म्हणाला, सांगितलं होतं. काका म्हणाले, लक्षात राहिलं नाही.

पुढचे पाच-सहा दिवस ते प्रत्येक मजल्यावर थांबून मोठ्याने ‘हनुवटी!’ म्हणायचे. खालच्या मजल्यावरची मुलं हसायची. मग एका सकाळी ते पिशवी घेऊन दुधाला निघालेले दिसले, हात कठड्यावर नव्हता आणि तोंडाने काही पुटपुटतही नव्हते.